गदा आणि निंदा-स्तुती

२०२० च्या जानेवारीत हर्षवर्धन सदगीरने नाशिकला महाराष्ट्र केसरीची पहिली गदा मिळवून दिली, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या तालमीत पेढे वाटले. पोरगा अकोले तालुक्यातला, पण नाशिकजवळच्या भगूरच्या तालमीत घडलेला, म्हणून आमचाच! २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला याच स्पर्धेत तो शिवराज राक्षेकडून गादी विभागाची अंतिम कुस्ती हरला आणि तीच तोंडं म्हणू लागली, "संपला आता." मला ते फार लागलं.

पुढे शिवराजचंही तेच झालं. २०२५ ला अहिल्यानगरात निर्णयावर चिडून त्याने पंचांना लाथ मारली, तीन वर्षांची बंदी आली. लाथ चूकच. पण तिच्यामुळे त्याच्या जुन्या कुस्त्या खोट्या कशा ठरतात?

निंदा आणि स्तुती सारखी मानणारा भक्त देवाला प्रिय, असं गीतेच्या बाराव्या अध्यायात सांगितलंय. आपण हे पैलवानाला ऐकवतो. मला वाटतं, त्याची खरी गरज आखाड्याच्या कडेला बसलेल्यांना आहे. पैलवान पहाटे उठून तेल, ताक, हळद मुरलेली माती उकरतो, घाम निथळेपर्यंत जोर मारतो. आपलं बळ किती, हे त्याला आपल्यापेक्षा नेमकं कळतं.

२०२० ची ती अंतिम कुस्ती बालेवाडीत ३-२ ने जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेश शेळकेलाच खांद्यावर घेतलं. दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे. शैलेश किती तयारीचा मल्ल आहे, हे हर्षवर्धनला सरावातून ठाऊक होतं. एका गुणाने ते बदलणार नव्हतं.