पंख्याच्या आवाजापाशी

वैशाखातली दुपार आहे, तीन वाजत आलेत. अशा वेळी गोव्यातल्या आपल्या हळर्णला शापोरा नदीकडूनही वारा येत नाही. चिऱ्याच्या भिंती सकाळपासून तापलेल्या, आणि रस्त्याची तांबडी धूळ खिडकीच्या चौकटीवर येऊन बसलेली. तुमचा संगणक चालू असू द्या. माऊसवरचा हात काढा, खुर्ची जरा मागे घ्या, डोळे मिटा.

पंखा ऐका. रोजचा असल्यामुळे हा आवाज आपल्याला ऐकूच येईनासा झालेला असतो. एक संथ घरघर आहे. मध्येच ती चढते, थोडी रेंगाळते, उतरते. चढली म्हणजे आत कुठेतरी काम वाढलं, ऊब वाढली, आणि पंख्याला तसा निरोप गेला. दोन-तीन वेळा हा चढउतार होऊ द्या. घाई नाही.

आता हात डब्याच्या मागे न्या. आपल्या घरांत या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा प्रोसेसर आत काड्यापेटीएवढा असतो. तळव्यावर जी ऊब येते आहे ती त्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची. संगणक जेवढी वीज घेतो तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन याच खोलीत येते. १०० वॉट घेणारं यंत्र जुन्या १०० वॉटच्या बल्बइतकीच खोली तापवतं. म्हणून डब्याचा विचार करण्याआधी खिडकीचा करा. डब्याच्या मागे वीतभर जागा मोकळी आहे ना, तेही हाताने चाचपून पाहा.

त्या उबेचा माग मनाने उलटा काढत आत जा. पंख्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या, आणि बऱ्याच यंत्रांत त्यांत शिरलेल्या तांब्याच्या नळ्या. या नळ्या मला फार आवडतात. त्यांच्या पोटात थेंबभर पाणी असतं, चारी बाजूंनी बंद. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या अस्तरातून ते झिरपत परत येतं. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी प्रत्यक्ष चालवून दाखवली. समुद्राचं पाणी वर जाऊन पाऊस होऊन येतं, तेच इथे बोटाएवढ्या जागेत, दर क्षणी, आवाज न करता चाललेलं आहे. त्याच्यापाशी थोडं थांबा.

मग डोळे उघडा. विंडोज असेल तर एचडब्ल्यूइन्फोसारखा प्रोग्राम, लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ ही आज्ञा. पडद्यावर आकडे येतील. लगेच चांगलं-वाईट ठरवू नका. एखाद्या ओळीत १२७ अंश दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्या जागी सेन्सर जोडलेलाच नसतो. पंख्याचे फेरे शून्य दिसले तर मात्र उठून डोळ्यांनी पाहा.

मुख्य आकडा प्रोसेसरचा. तो एका कागदावर लिहा, शेजारी खोलीचं तापमान लिहा, आणि वजाबाकी करा. माझ्या मते खरी गोष्ट या वजाबाकीत आहे. जानेवारीत खोली २६ आणि प्रोसेसर ४६, मे महिन्यात खोली ३३ आणि प्रोसेसर ५३: यंत्र जसंच्या तसं आहे, ऋतू बदलला. पण तेच काम करताना फरक २० चा ३० झाला, तर वारा कुठेतरी अडतो आहे. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या बऱ्याच रायझनांची ९५ च्या. तिथे पोचलं की ते आपणहून वेग कमी करतात, तरीही निभावलं नाही तर बंद पडतात. भरपूर कामात असताना आकडा ८० च्या घरात गेला तर जाऊ द्या. नुसतं बसलेलं असताना गेला तर ते दुखणं आहे.

हे आकडे पाहताना मला शापोऱ्याच्या काठचा आपला हळर्णचा किल्ला आठवतो. बुरुजावरच्या पहारेकऱ्याचं काम येणाऱ्याला आधी पाहणं आणि खाली सांगणं एवढंच. सेन्सरही तेवढंच करतो. त्याचं ऐकणारं खाली कुणी असावं लागतं.

ऐकलं नाही तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २००० नंतरच्या वर्षांत गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिकच्या मुलांच्या घरी संगणक आले. घरोघरी आयांनी त्यांना मायेनं कापडी झालरीची झाकणं शिवली. डबा टेबलाच्या बंद कप्प्यात, वर झाकण, आणि आत यंत्र चालू. धूळ लागू नये म्हणून केलेली ती माया होती, आणि तिनेच यंत्र गुदमरत होतं. ती झाकणं आठवली की मला अजून गलबलून येतं. झाकण घाला, पण यंत्र बंद करून, गार झाल्यावर.

शेवटचं काम हातांचं. संगणक बंद करा, प्लग काढा, डब्याची बाजू उघडा. मऊ ब्रशने पात्यांमधली धूळ सावकाश काढा. फुंकर किंवा ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटसुलट भिरभिरून बिघडतो. धुळीचा रंग पाहा: तांबडा आहे, अंगणातलाच. पावसाची दमट हवा लागली की हीच धूळ चिकटते आणि मग ब्रशला दाद देत नाही. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवलं की आतलं दमटपण जातं. मात्र गडगडाट सुरू झाला की आधी प्लग काढा.

मिरगाचं नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेला लागतं. त्याआधीची एक दुपार या कामासाठी ठेवा.