सडे आणि संसारी

आजचा पाठ ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, सहाव्या-सातव्या श्लोकांवरच्या ओव्या. सगळी कर्मे मला अर्पून माझेच ध्यान करणाऱ्यांना मी मृत्युसंसाराच्या सागरातून वर काढतो, असे भगवान अर्जुनाला सांगतात. कसे काढतो, ते माउली सांगतात. जे 'सडे', म्हणजे एकटेदुकटे, त्यांना देव ध्यानाच्या कासेला लावतो. पट्टीचा पोहणारा नवशिक्याला आपल्या कमरेला धरायला लावून पलीकडे नेतो ना, तसे. आणि जे 'परिग्रही', बायकापोरांचे, त्यांना तो नावेत बसवतो.

आम्हा मालवणकरांना हे वेगळे समजवावे लागत नाही. खाडी ओलांडायची होडी म्हणजे आमची 'तर'. दांडगा पोरगा पोहून पार होईल, पण कडेवर मूल आणि डोक्यावर पाटी असलेली बाई तरीचीच वाट बघणार. आणि पलीकडचा काठ दोघांना एकच.

तरीही कित्येक वर्षे मी ही ओवी जरा खालच्या सुरात वाचत होतो. पहिला मान पोहणाऱ्याचा, नाव ही आपली प्रपंचवाल्यांची सोय, असे मनात धरलेले. ते फोंडाघाटात सुटले.

कोकणातला वारकरी जास्त करून कार्तिकीचा. आषाढीला आम्ही लावणीच्या चिखलात असतो. त्या वर्षी भात झोडून घरात आले आणि दिवाळीची सुट्टी धरून आम्ही चौघे दिंडीबरोबर निघालो. मी, ही, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. कसाल, कणकवली, फोंडा, घाट चढून दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर, पुढे सांगोल्यावरून पंढरपूर. तीनशे किलोमीटरांहून जास्त चाल. "पोरांना कशाला?" असे शेजारीपाजारी म्हणालेच. हिने पिशवीत कारीट घेतले होते. चावदिशी पहाटे घाटावरच्या एका अनोळखी अंगणात पोरांनी ते अंगठ्याने फोडले, तेव्हा त्या घरची माणसे बघतच राहिली. पण ते नंतरचे.

घाटात मुलीच्या टाचेला फोड आला. दर वळणावर "बाबा, पाय दुकतत" म्हणून ती बसायची. दिंडी पुढे गेली, टाळांचा आवाज येईनासा झाला. माझा हरिपाठ चुकणार म्हणून मी धुमसत होतो. मुलगा मध्येच काहीतरी बोलला आणि मी त्याच्यावर ओरडलो, "तू तरी जा पुढे!" तो गेला. थोड्या वेळाने धुके उतरले. दाजीपूरचे जंगल, गव्यांची जागा. हाका मारल्या, उत्तर नाही. हिने माझ्याकडे एकदाच पाहिले, बोलली काहीच नाही.

तासाभराने वर पोचलो, तर स्वारी दिंडीच्या चहापाशी टाळ घेऊन बसलेली. मी त्याला जवळ घेतले खरे, पण आधी हात उगारला होता, हेही लिहायला हवे. आमच्या दिंडीतली म्हातारी आजी ते बघत होती. म्हणाली, "पोरांका घेवन इलस मां? मगे त्यांच्या पावलान चल."

त्या रात्री राधानगरीच्या वाटेवर झोप आली नाही. आठवत होते विठ्ठलपंत. पोहून जायला निघालेला माणूस. काशीला जाऊन संन्यास घेतला, पण मागे पत्नी आहे हे कळताच गुरूंनी परत पाठवले. आळंदीने वाळीत टाकले. मग ते रुक्मिणीबाई आणि चार लेकरांना घेऊन त्र्यंबकेश्वरी गेले. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती चुकला. त्या आईबापांनी किती हाका मारल्या असतील! तो पोचला होता गहिनीनाथांच्या गुहेत. तिथे मिळालेला उपदेश त्याने पुढे धाकट्या भावाला दिला. त्या परंपरेचा उल्लेख ज्ञानदेवांनी स्वतः अठराव्या अध्यायात केला आहे.

पुढे आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. उरलेली चार पोरे शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत गेली, पुन्हा आईबापांशिवाय. आणि त्यांच्यातल्याच एकाने शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला ही ओवी सांगितली. संन्यास सोडून संसारात आला, एवढ्यासाठी ज्याच्या बापाला जगू दिले नाही, तो मुलगा म्हणतो की बायकापोरांच्या माणसाला देव नावेत बसवतो. त्यात तक्रार नाही, बापाची बाजू मांडणेही नाही. देवाकडची पद्धत सांगावी तसे सांगितले आहे. हे ध्यानात आल्यापासून ती ओवी मला खालच्या सुरात वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी पुढे आणि आम्ही मागे. दिंडी संध्याकाळी मुक्कामावर गाठायची. दोन-तीनदा हरिपाठ संपल्यावरच पोचलो. एकदा मुलगीच वाटेत तो म्हणायला लागली, मधले अभंग गाळून, शेवटचा आधी. मुलगा तिला चुका दाखवू लागला, तर हिने त्याला डोळ्यांनी गप्प केले. मी टाळ धरला.

उद्या आठवा श्लोक.

राम कृष्ण हरी.