कळलं, पण येतं का?

एखादी गोष्ट शिकून झाली की नाही, हे विचारायला मराठीत दोन प्रश्न आहेत. ‘कळलं का?’ हा एक आणि ‘येतं का?’ हा दुसरा. पाढे येतात, पोहता येतं, कानडी येते. ‘मला गणित येतं’ या वाक्यात कर्ता गणित आहे. ‘मला’ चतुर्थीत गुपचूप बसला आहे. म्हणजे आपण हाक मारायची आणि गणितानं यायचं, असा हा व्यवहार. शाळेत मात्र वर्षभर पहिलाच प्रश्न विचारला जातो आणि दुसरा थेट परीक्षेत. वर्गात ‘कळलं का?’ विचारलं की चाळीस मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात, आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखरच कळलेलं असतं. (‘कळतं पण वळत नाही’ ही म्हण वर्तनाबद्दल आहे, इथला पेच त्याहून साधा आहे, कळतं पण येत नाही.) गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत स्मरणावर जे प्रयोग झाले, त्यांतून मला दिसणारा मुद्दा असा : कळणं आणि येणं या दोन वेगळ्या घटना आहेत, पहिली घडली म्हणून दुसरी आपोआप घडत नाही, आणि ज्ञान यायला हवं असेल तर त्याला पुन्हा पुन्हा, पुस्तक मिटून, हाक मारावी लागते. हाकेला ओ देता देताच ते पक्कं होत जातं.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इतका साधा आहे, की तो आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयात एका आठवड्यात करून पाहता येईल. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटानं फक्त पहिल्या सत्रात वाचला, जेमतेम तीन-साडेतीन वेळा. उरलेल्या तीन सत्रांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. बरोबर की चूक हेही त्यांना कुणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले होते, लिहिणारे ६१ टक्क्यांवर टिकून होते. चौदा वाचनांना तीन-साडेतीन वाचनांनी मागं टाकलं. पण मला त्यातला सर्वांत बोलका आकडा हा वाटत नाही. अभ्यास संपल्यावर ‘आठवड्यानं तुम्हाला किती आठवेल?’ असं विचारलं होतं, तेव्हा सर्वांत जास्त आत्मविश्वास चौदा वेळा वाचणाऱ्यांना होता.

हा आत्मविश्वास येतो कुठून, हे पाहिलं की आपल्या अभ्यासपद्धतीचं बरंचसं दुखणं समजतं. तोच मजकूर चौथ्यांदा वाचताना डोळे सरसर पुढे जातात, काही अडत नाही, प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं. ही ओळख आणि स्मरण यांत विद्यार्थी गल्लत करतो. गल्लीच्या तोंडाशी रोज दिसणारा चेहरा समोर आला की ओळखू येतो. पण डोळे मिटून त्याच्या चष्म्याची काडी कशी आहे ते सांगायला गेलं की पंचाईत होते. फ्लुरोसंट पेननं पिवळीधमक केलेली पानं, तयार नोट्स, दीडपट वेगानं पाहिलेली व्याख्यानं, ही सगळी ओळख वाढवणारी साधनं आहेत. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचं संशोधन तपासलं, तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन या विद्यार्थ्यांच्या दोन लाडक्या पद्धती तळाला गेल्या. वरच्या श्रेणीत दोनच उरल्या : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यासात अंतर ठेवणं.

अंतराची गोष्ट तर आणखी जुनी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यानं १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतःवरच केलेले प्रयोग आहेत. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळानं तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजायचा. तासाभरात निम्म्याहून अधिक फायदा उडून जायचा, दिवसभरात सुमारे दोनतृतीयांश. ही विस्मरणाची उतरंड प्रसिद्ध झाली. त्याच पुस्तकातला दुसरा निष्कर्ष मात्र बाजूला पडला. एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधत होतं, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांत साधलं. श्रम जवळजवळ निम्मे. असं का व्हावं, याचा शारीरिक धागा पुढे एरिक कँडेल यांना एप्लिशिया नावाच्या समुद्री गोगलगायीत सापडला. सलग ४० वेळा स्पर्श केला तर त्या स्पर्शाची सवय गोगलगायीत दिवसभर टिकायची. रोज दहा असे चार दिवस केले, की तेच ४० स्पर्श कित्येक आठवडे पुरायचे. अल्पकाळच्या स्मरणात न्यूरॉनमधल्या जुन्याच जोडण्यांचा जोर कमीजास्त होतो. दीर्घकाळच्या स्मरणासाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात आणि जोडण्यांची संख्याच बदलते. हे बांधकाम आहे, त्याला सुकायला वेळ लागतो. कँडेल यांना २००० सालचं नोबेल पारितोषिक मिळालं, त्यात या गोगलगायीचा वाटा मोठा. या बांधकामात झोपेचाही हात दिसतो : जागेपणी धावताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागातल्या) ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या, त्याच नंतरच्या झोपेतही पुन्हा एकत्र चेतवल्या जातात, हे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ साली दाखवलं. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘नाइट मारणारा’ विद्यार्थी अंतर आणि झोप दोन्ही गमावतो. त्याला दुसऱ्या दिवशीचा पेपर जाऊही शकतो बरा, आणि हीच अडचण आहे. त्या पेपरमुळे पद्धत बरोबर असल्याचा दाखला मिळतो.

इथं कुणी म्हणेल, ही तर घोकंपट्टीची वकिली झाली. ‘घोका आणि ओका’मधून शिक्षणाला बाहेर काढण्यासाठी एवढी वर्षं खर्ची घातली, ती काय उगीच? आक्षेप वजनदार आहे. पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. अर्थ न कळता पाठ करणं वाईट, याबद्दल वाद नाही. म्हणून आठवण्याचा सरावच वाईट, हे मात्र त्यातून निघत नाही. आपल्याकडचा परवचा घ्या. दिवेलागणीला मुलांनी पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, श्लोक म्हणायचे. पुस्तक न बघता, रोज, वर्षानुवर्षं. मानसशास्त्रज्ञ आज जे दोन उपाय पहिल्या श्रेणीत ठेवतात, ते दोन्ही त्यात होते. वेदपाठशाळेतली संथा त्याहून काटेकोर. घनपाठात पदं सरळ क्रमानं म्हणत नाहीत : पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, आणि पुन्हा पहिलं-दुसरं-तिसरं, मग एक पद पुढं सरकायचं. क्रमाच्या ओघात वाहत जाण्याची सोयच नाही; प्रत्येक पदाला दोन्ही बाजूंनी हाक मारावी लागते. पाढ्यांचीही खरी परीक्षा हीच आहे. ‘सात आठे किती’ असं मध्येच विचारल्यावर जो मुलगा ‘सात एके सात’पासून जिना चढत वर येतो, त्याला सातचा पाढा म्हणता येतो, पण तो येत नाही. ही परंपरा डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. संथेचं दार समाजातल्या बहुतेकांना बंद होतं, पंतोजींची छडी हे त्या काळचं सर्वमान्य शैक्षणिक साधन होतं, आणि अर्थाची विचारपूस फारशी होत नसे. सुधारणा करताना अर्थ आत आणायला हवा होता. आपण अर्थाच्या नावानं आठवण्याचा सराव बाहेर काढला, आणि परीक्षा मात्र आठवण्याचीच ठेवली. मग मधली पोकळी अपेक्षित प्रश्नसंचांनी भरून काढली यात नवल ते काय?

शिवाय आठवण्याच्या सरावानं समज मारली जाते, हा दावा तपासला गेला आहे. कार्पिकी आणि जेनेल ब्लंट यांनी २०११ साली विज्ञानविषयक उताऱ्यांवर दोन पद्धतींची तुलना केली. एका गटानं उतारा समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले; कोणती कल्पना कशाशी जोडलेली, बाण कुठून कुठं, म्हणजे ‘समजून घेण्याची’ मान्यवर पद्धत. दुसऱ्यानं उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत केवळ तपशिलांचे प्रश्न नव्हते, तर्क करायला लावणारेही होते. दोन्हींत आठवून लिहिणारे सरस ठरले. विचार केला तर यात चमत्कार नाही. कोऱ्या कागदासमोर बसलं की एका मुद्द्यावरून दुसरा ओढून काढावा लागतो. काय कशामुळे घडलं हे सापडल्याशिवाय पुढचं वाक्य सुचत नाही. गाळलेला धागा तिथं लगेच टोचतो. पुस्तक उघडं असताना तो धागा पुस्तकानंच धरून ठेवलेला असतो.

गणिताच्या वह्यांत हीच चूक वेगळ्या रूपात असते. त्रैराशिकाच्या प्रकरणानंतर त्रैराशिकाची वीस उदाहरणं, सरळव्याजाच्या प्रकरणानंतर सरळव्याजाची वीस. दुसऱ्या उदाहरणापासून मुलाला रीत निवडावीच लागत नाही. प्रकरणाचं नावच ती सांगून टाकतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी घनफळाची उदाहरणं विद्यार्थ्यांना दोन प्रकारे दिली : एकाच प्रकारची सलग, किंवा सगळे प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानं तीच मुलं चाचणीला बसली, तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर होते आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर. ८९ वरून २० वर! पालक वही तपासतात ती सरावाच्या दिवशी, त्यामुळे त्यांना ८९ दिसतात. प्रयोगशाळेत जमलं म्हणून वर्गात जमेलच असं नाही, ही शंका रास्त होती. म्हणून रोहरर यांच्या गटानं फ्लोरिडातल्या सातवीच्या ५४ वर्गांत चार महिने दोन्ही प्रकारचा गृहपाठ देऊन पाहिला. पूर्वसूचना न देता महिन्यानं घेतलेल्या चाचणीत मिसळवाल्यांना ६१ टक्के, सलगवाल्यांना ३८ टक्के मिळाले. आपल्या गणिताच्या पुस्तकांत ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो. त्यानं नावाला जागून मागच्या पाच प्रकरणांतली उदाहरणं खरोखर कालवली, तर नवं काहीच शोधावं लागणार नाही.

मुलं आधीच परीक्षांनी बेजार आहेत, त्यांत आणखी चाचण्या घालायच्या का, हा प्रश्न मी सर्वांत गंभीर मानतो. परीक्षा हा शब्द आपल्याकडे इतका भाजून निघालेला आहे, की त्याचा दुसरा अर्थ ऐकूच येत नाही. इथं जी चाचणी अभिप्रेत आहे तिला गुण नाहीत, क्रमांक नाहीत, सही आणायची पत्रिका नाही. तराजूत बसून वजन कमी होत नाही हे खरं. पण ही चाचणी म्हणजे तराजू नव्हे, तालीम आहे. तिचा भीतीवरही परिणाम होतो. २०१६ साली एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी टफ्ट्स विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना शब्द आणि चित्रं पुन्हा पाहून अभ्यासायला लावली, काहींना आठवून. दुसऱ्या दिवशी लोकांसमोर अचानक भाषण आणि गणितं करायला लावून त्यांना ताण दिला. पाहून अभ्यासणाऱ्यांचं स्मरण ताणाखाली गडगडलं. आठवून अभ्यासणाऱ्यांचं टिकलं. हॉलमध्ये ‘सगळं ब्लँक झालं’ अशी तक्रार दहावी-बारावीच्या घराघरांत ऐकू येते, त्या मुलांनी वर्षभरात पुस्तक मिटून किती वेळा आठवून पाहिलं होतं, हे विचारायला हवं.

जिथं हा मुद्दा लागू पडत नाही तेही सांगायला हवं. ज्याला विषयातलं काहीच ठाऊक नाही, त्याला कोऱ्या कागदासमोर बसवणं हा छळ आहे. जॉन स्वेलर यांच्या प्रयोगांनी दाखवलं, की नवशिक्यानं बीजगणिताची उदाहरणं स्वतः झगडत सोडवण्यापेक्षा आधी सोडवलेली उदाहरणं नीट पाहावीत. नवशिक्याच्या डोक्यातली तोकडी जागा झगडण्यातच संपते. शिकताना अडखळवणारी पण शिकलेलं टिकवणारी ‘इष्ट अडचण’ अशी कल्पना रॉबर्ट बियॉर्क यांनी मांडली आहे, तिच्यातलं ‘इष्ट’ हे विशेषण गाळून चालणार नाही. आधी चांगलं शिकवणं हवंच, त्याला पर्याय नाही. आणि ‘सगळं मोबाइलमध्ये सापडतं, मग डोक्यात कशाला?’ याचं उत्तर त्याच तोकड्या जागेत आहे. एका वेळी मनात चार-पाच सुट्या गोष्टींपलीकडे धरता येत नाहीत. चेस आणि सायमन यांनी १९७३ साली दाखवलं, की खऱ्या डावातला पट पाच सेकंद पाहून पट्टीचा बुद्धिबळपटू बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडतो, पण तीच मोहरी कशीही विखुरली की तो नवशिक्याइतकाच चाचपडतो. त्याची स्मरणशक्ती अफाट नसते. हजारो मांडण्या त्याला ‘येत’ असतात, म्हणून मोहऱ्यांचा अख्खा पुंजका त्याच्या मनात एकच जागा अडवतो. खिशातल्या मोबाइलमधला पट ही जागा मोकळी करत नाही.

या पद्धतीची खरी अडचण शास्त्रात नाही, अनुभवात आहे. आठवून अभ्यास करणाऱ्याला रोज अडखळायला होतं, रोज आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. वाचून अभ्यास करणाऱ्याला रोज प्रगती दिसते. नेट कॉर्नेल आणि बियॉर्क यांच्या प्रयोगात तर चित्रकारांच्या शैली मिसळून पाहिल्यानं जास्त चांगल्या ओळखता आल्या, आणि तशा ओळखून झाल्यावरही बहुतेक विद्यार्थी सांगत राहिले की सलग पाहिल्यानंच अधिक शिकलो. स्वतःच्या शिकण्याबद्दल माणूस इतका वाईट साक्षीदार असेल, तर पालकाला दोष काय द्यायचा? तो पैसे मोजतो ते ‘कळलं’ या समाधानाचे, आणि बाजार ते तत्परतेनं पुरवतो. परवच्याची जी दिवेलागणीची वेळ होती, त्या वेळी मूल आता क्लासला असतं. सर फळ्यावर झरझर उदाहरण सोडवत असतात, आणि ते सगळ्यांना कळत असतं.