सूक्ष्मजीवाचा धनी कोण?

१९९२ च्या जैवविविधता कराराने प्रत्येक राष्ट्राचा आपल्या हद्दीतील जनुकीय संसाधनांवरील सार्वभौम हक्क मान्य केला आणि २०१० च्या नागोया प्रोटोकॉलने पूर्वसंमती व लाभवाटपाची चौकट आखली. परंतु ज्या जीवाला वारा आणि पक्ष्यांचे पाय सहज सरहद्दीपार नेतात, त्याचा धनी कोणाला म्हणावे, हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. लोणार सरोवराच्या खारट, अल्कधर्मी पाण्यातून नवी जीवाणूजाती सापडली, तर नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार तिचा प्ररूप-वाण, म्हणजे ज्यावर जातीचे नाव बेतलेले असते तो जिवंत नमुना, दोन वेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवून संशोधकांना खुला करावा लागतो. भारताचा २००२ चा जैविक विविधता कायदा मात्र परदेशी संशोधकाला नमुना देण्यापूर्वी सर्वसाधारणपणे परवानगी मागतो, आणि पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संग्रहाला ही दोन्ही बंधने एकाच गोठवलेल्या कुपीत सांभाळावी लागतात. ईशावास्योपनिषद भोगाला त्यागाची अट घालते खरे, पण त्यातून अनिर्बंध देवाणघेवाणीचा कौल काढणे घाईचे ठरेल: अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यातील थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूच्या विकराने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने, डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्राद्वारे उद्योगाला अफाट कमाई करून दिली, तरी त्यातला वाटा त्या राष्ट्रीय उद्यानाला मिळाला नाही.