उपरा कोण ?

जन्मभूमी मनुष्यास निवडता येत नाही, कर्मभूमी मात्र तो स्वतः निवडतो, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ज्यास या दोहोंपैकी एकही निवडण्याची मोकळीक मिळाली नाही, अशा पुरुषाने परक्या भूमीचे शासन व रक्षण केले, तर त्या भूमीने त्यास आपला म्हणावे की उपरा ? हा प्रश्न वरकरणी इतिहासाचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

तो सुचण्यास ठाणे जिल्ह्याचा पूर्वभाग पुरेसा आहे. मुरबाडहून वैशाखऱ्यास जाऊन नाणेघाट चढावा, की पुढे जुन्नर लागते. शहापुराजवळ आसनगावास आगगाडीतून उतरावे, की माहुलीचे सुळके समोर उभे राहतात. जुन्नर ही काही काळ निजामशाहीची राजधानी होती आणि माहुलीवर १६३६ साली त्या शाहीचा अंत झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावरही ती शाही छत्तीस वर्षे जगली, याचे पुष्कळसे श्रेय मलिक अंबर या हबशास आहे.

सुमारे १५४८ साली अबिसीनियात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच विकला गेला आणि बगदादकडून हिंडत हिंडत दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्यास विकत घेतले. हा धनीही हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर दास्यातून सुटला व तलवारीच्या बळावर चढत गेला. नगर पडताच राजवंशातील मुर्तजास परांड्यास गादीवर बसवून त्याने राज्याची धुरा उचलली. १६१० साली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, हे नगर वसविले आणि नहरींनी तेथे पाणी खेळविले. मक्तेदारीस आळा घालून जमिनीची प्रत पाहून धारा बसविला. मराठे शिलेदारांस हाताशी धरून मोगलांस गनिमी काव्याने जेरीस आणले.

तथापि त्याची बुद्धी विशेष दिसते ती मुत्सद्देगिरीत. विजापूरच्या एका मातबर सरदाराच्या कन्येशी त्याने आपल्या पुत्राचा विवाह लावला. १६१७ व १६२१ साली शहजादा खुर्रम चालून आला, तेव्हा तह करून मुलूख दिला व संधी साधून परत घेतला. हाच खुर्रम बापाविरुद्ध उठला, तेव्हा त्यास अंबराचेच साह्य घ्यावे लागले. १६२४ साली मोगल व विजापूरकर एक झाले असता भातवडीस त्याने दोघांचाही पराभव केला. जहांगिराने त्याच्या वर्णावरून त्यास शिव्या मोजल्या आणि त्याच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडीत असल्याचे चित्रही काढविले. पण ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. १६२६ साली अंबर वार्धक्याने वारला.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे सत्तेच्या लोभाने झाले. ज्यास गादी व कन्या दिली त्या मुर्तजाचाही अंत अंबरानेच घडविला, असे इतिहासकार सांगतात. हा डाग आम्ही पुसू इच्छीत नाही. परंतु असली कृत्ये करणाऱ्या एतद्देशीय सरदारांस आपण क्रूर म्हणतो, परके म्हणत नाही. तसेच, एक अंबर वजीर झाला म्हणून बाजारात विकल्या गेलेल्या सहस्रावधी बालकांचे दुःख हलके होत नाही.

मग आपलेपणाची कसोटी कोणती ? अंबराचा पुत्र फत्तेखान येथेच वाढला. त्याने आपल्याच निजामशहास मारिले व १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. उलट अंबराच्या हाताखाली लढलेल्या शहाजीराजांनी त्याच साली एका बालकास गादीवर बसवून, माहुलीस वेढा पडेपर्यंत ते राज्य सावरून धरिले. वारसा रक्ताने उतरला नाही; ज्याने ओझे उचलले त्याच्याकडे तो गेला. राहण्याचा काळ किंवा कुळाचे मूळ नव्हे, तर पत्करलेली जबाबदारी मनुष्यास भूमीशी जोडते, असे आमचे मत आहे.

ही कसोटी आपण परदेशी सहज लावतो. मालवण तालुक्यातील वराडच्या डॉक्टर अशोक वराडकरांचे पुत्र लिओ २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आले. त्या त्या देशांनी त्यांस आपले मानिले याचा आपणांस अभिमान वाटतो, व तो रास्तही आहे. परंतु आपल्याच गावी बाहेरून आलेला मनुष्य चार पैसे मिळवून पंचायतीच्या कामात बोलू लागला, की आपण प्रथम त्याचे मूळ गाव विचारतो. एकच माप देण्यास लहान व घेण्यास मोठे ठेवणे यास व्यापारात लबाडी म्हणतात. नीतीत त्यास निराळे नाव द्यावे, असे आम्हांस वाटत नाही.