चित्रफितीची साक्ष आणि संशयाची नीती

संहितेतील प्रक्षेप ओळखणारी पाठचिकित्सा आणि डिजिटल चित्रफितीतील फेरफार शोधणारे तंत्र यांत एक साम्य आहे. दोन्ही कर्त्याच्या हेतूचा नव्हे, तर त्याच्या हस्तक्षेपाने मागे राहिलेल्या विसंगतीचा शोध घेतात. एमपेग पद्धतीत काही फ्रेम स्वतंत्रपणे साठवल्या जातात व उरलेल्या त्यांच्यावरून अनुमानित होतात. मधल्या काही फ्रेम वगळून चित्रफीत पुन्हा संक्षेपित केली, की मूळ गट विस्कटतात आणि अनुमानातील चूक ठरावीक अंतराने वाढते. वेइहोंग वांग व हॅनी फरीद यांनी २००६ मध्ये अशा खुणांवर आधारलेली पद्धती मांडली.

या शोधाची तार्किक मर्यादा मात्र ध्यानात घेतली पाहिजे. विसंगती हाती लागली तर हस्तक्षेप झाला, एवढेच सिद्ध होते. ती न आढळल्याने चित्रफीत अस्सल ठरत नाही. शिवाय अस्सल चित्रणही कोन, आरंभ आणि शेवट यांच्या निवडीतून दिशाभूल करू शकते. अस्सलपणा आणि सत्य या भिन्न कोटी आहेत.

न्यायव्यवहाराने हा पेच वेगळ्या मार्गाने हाताळला. जालन्यातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, या वादात निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण पुढे आले. मूळ साधन हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. असे प्रमाणपत्र चित्रातील आशयाच्या सत्याची ग्वाही देत नाही. ते एका माणसाला त्या प्रतीविषयी उत्तरदायी करते.

हे उत्तरदायित्व एकतर्फी असून चालेल काय? बनावटीची शक्यता सर्वविदित झाली, की खरे चित्रणही खोटे म्हणून झटकता येते. रॉबर्ट चेस्नी व डॅनिएल सिट्रन यांनी २०१९ मध्ये याला लबाडाचा लाभांश म्हटले. अन्यायाचे एकमेव चित्रण हाती असलेल्या दुर्बलाला या संशयाची किंमत मोजावी लागते, तर बलवानाला त्यातच आश्रय मिळतो. संशय म्हणूनच नैतिकदृष्ट्या तटस्थ नसतो.

येथे पाठचिकित्सेचा दाखला पुन्हा उपयोगी पडतो. आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती (१९३३) सिद्ध करताना वि. स. सुकथनकरांनी हस्तलिखितांच्या आधाराविना, निव्वळ तर्काने पाठ बदलणे शक्यतो टाळले. प्रक्षेपाचा आरोप करणाऱ्यालाही प्रतींची साक्ष काढावी लागते. तसेच चित्रण बनावट आहे असे म्हणणाऱ्यानेही विसंगती दाखवली पाहिजे. विश्वासाइतकीच संशयालाही कारणांची जबाबदारी असते.