भूमी दानात देता येते का?

विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. मग राजाने भूमीही द्यावी का? जैमिनींच्या मीमांसासूत्रांतले उत्तर स्पष्ट आहे. देऊ नये, कारण भूमी सर्वांची सारखीच. भाष्यकार शबरस्वामी पुढे भेद करतात, की मालकी शेतावर असू शकते, पृथ्वीवर नाही. यज्ञशास्त्रातला हा काथ्याकूट (आणि तो पुष्कळच आहे) शेतीचे आकडे पाहताना फार जवळचा वाटतो. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ११.९ कोटी हेक्टरांवर पेरा होता. १९७०-७१ पर्यंत तो १४ कोटींवर गेला आणि तिथेच अडकला. सरासरी धारणक्षेत्र मात्र तेव्हाच्या २.२८ हेक्टरांवरून २०१५-१६ मध्ये १.०८ वर आले.

क्षेत्र घटले नाही आणि धान्य पाच कोटी टनांवरून तीस कोटींपुढे गेले, मग ओरड कशाची, असे कोणी म्हणेल. पण एकूण आकड्यात जमिनीचा कस दिसत नाही. शहरालगतच्या काळ्या रानात मुरूम ओतला, रोलर फिरवला, एनए प्लॉटचे दगड रोवले, की ते रान पुन्हा पेरणीला येत नाही. मातीचा बोटभर थर तयार व्हायला शतके लागतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कर्जाने आणि पडलेल्या भावाने गांजलेला शेतकरी जमीन विकतो, त्यानेच त्याग का करावा? करूच नये. भूमी सर्वांची मानायची, तर ती राखण्याचा खर्चही सर्वांनी उचलला पाहिजे. मोबदला न देता सुपीक जमिनीच्या विक्रीवर घातलेली बंदी हा शेतकऱ्यावरचा निव्वळ अन्याय ठरेल.